ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं का?

थोरल्या_घरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरात कार्य निघालंय. थोरल्या लेकीचं जमलं. पाव्हणे आजऱ्याचे, पोरगा पुण्यात नोकरीला. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची आहे. आनंद आहेच, पण डोक्याला ताप वेगळाच झालाय. कुणाला कधी सांगायचं आणि कसं?

आमचं मूळ घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. आज्ज्याच्या काळात तिथं एका चुलीवर सगळं खटलं जेवायचं. आता त्या वाड्यात आई, मी, सौ. आणि दोन पोरी. एक चुलते इचलकरंजीत, दुसरे निपाणीला. चुलतभाऊ शारजात, पुतण्या लीड्सला, पुतणी न्यू जर्सीत. धाकटा भाऊ पुण्यात, म्हणजे तोही तसा परदेशातच. आत्ती तिघी: कराड, गारगोटी आणि थोरली बेळगावात. थोरल्या आत्तीचं वय ऐंशीच्या पुढं, फोन साधा बटणांचा.

घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या दिवाळीत शारजाच्या चुलतभावाला मुलगा झाला. त्यानं ग्रुपवर बाळाच्या मुठीचा फोटो टाकला, खाली वेळ आणि वजन. सगळ्यांनी फुलं वाहिली. बेळगावच्या आत्तीला ते कळलं भाडेकरूच्या पोरीकडून, तिनं कुणाचं तरी स्टेटस बघितलं म्हणून. आत्ती बारशाला आली नाही. फोन केला तर एवढंच म्हणाली, "मला कुठं सांगितलंसा?" चुलतभावाचं म्हणणं, "ग्रुपवर टाकलं होतं की."

माझं मत सरळ आहे. ग्रुपवर पडायच्या आधी जवळच्या घरांत फोन गेलाच पाहिजे. धाकटी लेक म्हणते, "बाबा, कोणत्या सालात राहताय?" तुमच्याकडं कसं चालतं ते सांगा. बाहेरदेशी माणसं असलेल्यांनी तर जरूर सांगा.

नादखुळा_९९

पहिला!! मिरजकर तिकटीला एक डिजिटल फलक लावा, भावी जावईबापूंच्या गॉगल घातलेल्या फोटोसकट. पाच मिनटात शारजात पोचतंय बघा.

गंगावेसकर

डिजिटलला परवानगी, पैसे, वर पाऊस. त्यापेक्षा रात्री दूध कट्ट्यावर एकाच्या कानात "कुणाला सांगू नको" म्हणून सांगा. गडी दुधाचा पेला खाली ठेवायच्या आत न्यू जर्सीत पोचलं न्हाई तर नाव बदलतो.

बाकी अभिनंदन मालक. जेवणावळ कधी?

निवृत्त_बाई

अभिनंदन. माझा जन्म १९५१ चा, त्यामुळे थोडं जुनं सांगते.

तेव्हाही सगळे एका गावात नव्हतेच. आमचे एक काका मुंबईत गिरणीत, एक मामा सैन्यात, बहिणी लग्न होऊन चार दिशांना. पण कोणती बातमी कशाने पाठवायची हे ठरलेलं असायचं. बाळंतपण, परीक्षा, बदली यांना पोस्टकार्ड. लग्न ठरलं की आंतर्देशीय पत्र, कारण आतला मजकूर पोस्टमनने वाचायचा नाही, अशी आमच्या आईची समजूत. (तो वाचायचाच. आणि वाचून आनंदाची असली तर पेढा मागायचा.) फारच घाई असेल तर तार. शुभेच्छांच्या तारेला छापील वाक्यांचे क्रमांक असत, आपण नुसता क्रमांक द्यायचा. पण आनंदाची असो की दुःखाची, तार म्हटलं की ऐकणाऱ्याचे पाय आधी गळायचे. माझ्या नेमणुकीची तार आली तेव्हा आईने ती न उघडताच रडायला सुरुवात केली होती. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा मला पहिलं तेच आठवलं.

मृत्यूचं कार्ड वेगळं ओळखू यायचं. कोपरा फाडलेला. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं, घरात आणायचं नाही.

आणि क्रम तर होताच. लग्नाची पहिली पत्रिका अंबाबाईला, मग जोतिबाला, मग मामाला. मामाला चौथ्या नंबरला टाकून बघा काय होतं ते.

तन्वी_राजारामपुरी

मी धाकट्या लेकीच्या बाजूने.

काका, फोन करायचे म्हणता, पण ते करतं कोण? माझ्या साखरपुड्याच्या वेळी आईने एक वही हातात दिली आणि म्हणाली, तुझं तूच सांग, तुझ्या तोंडून बरं वाटतं. प्रत्येक फोनला तोच क्रम: मुलगा काय करतो, पगार किती, शेती किती, सोनं किती, "आमची अमकी पण आहे हो लग्नाची." एका मावशीने तर मलाच सांगितलं की थोडं थांबायला हवं होतं. वही संपेपर्यंत मला लग्नच नको झालं होतं.

ग्रुपवर एक छान मेसेज, सगळ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. उलट यात जास्त समानता आहे. ज्याला आनंद झालाय तो स्वतः फोन करेल की. नेहमी आपणच का करायचा?

नादखुळा_९९

"शेती किती" ला हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडं "ऊस किती जातोय कारखान्याला" असं विचारत्यात.

गगनबावड्याचा_पाऊस

तन्वी, मुद्दा पटला, पण ग्रुपवर सगळ्यांना एकाच वेळी मिळतं हे खरं नाही. आमच्या आज्जीसारखी माणसं त्यात नसतातच. शिवाय रोजच्या सुप्रभात, आज्जीबाईच्या बटव्यातले काढे आणि पंतप्रधान यांच्यामध्ये तुमची साखरपुड्याची बातमी वर सरकून जाते. आमच्या मामांना स्वतःच्या सख्ख्या भाच्याची बातमी दिसली नव्हती, कारण त्यांनी ग्रुप कायमचा म्यूट केलेला.

माहेरवाशीण

बरा धागा निघाला. मला एक विचारायचंय धागाकर्त्यांना, राग मानू नका. त्या घराण्याच्या ग्रुपमध्ये तुमच्या तिन्ही आत्त्यांच्या घरचं कोण आहे?

आमच्याकडे "भावकी" नावाचा ग्रुप आहे. त्यात चुलत-चुलत भाऊ आहेत, ज्यांचं तोंड मी गेल्या कैक वर्षांत बघितलेलं नाही ते पण आहेत, काल लग्न होऊन आलेल्या सुना आहेत. आम्ही लेकी नाही. लेक लग्न होऊन गेली की भावकी संपली. म्हणजे माझ्या बापाच्या घरची बातमी मला भावाने सांगितली तर कळणार, आणि भाऊ म्हणणार "मला वाटलं वहिनीनं सांगितलं असंल". वहिनी म्हणणार "मला वाटलं ह्यांनी सांगितलं असंल". माझ्या चुलत्यांच्या पंचाहत्तरीला मला आमंत्रण आलं ते आदल्या दिवशी रात्री, तेही साड्या किती आणायच्या याचा हिशेब करताना माझी आठवण झाली म्हणून.

आत्तीकडं बटणांचा फोन आहे म्हणून ती राहिली नाही हो. तिच्या घरचं कुणीच त्या ग्रुपात नसणार.

थोरल्या_घरचा

माहेरवाशीण ताई, आत्ताच बघितलं. आत्त्यांच्या घरचं कुणीही नाही. ग्रुप चुलतभावानं काढला होता, नाव घराण्याचंच आहे, आणि आजवर हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. उद्या आत्त्यांची पोरं-सुना घालून घेतो. एकजण आत्ताच विचारायला लागलाय, "मग मामाकडची पण घालायची का?"

माहेरवाशीण

घाला की. जागेची काय अडचण? १०२४ माणसं मावतात एका ग्रुपात.

पेठेतला_पैलवान

१०२४ माणसं म्हणजे खासबागेच्या मैदानात कुस्तीला जमल्यासारखी गर्दी. त्यात रोज कुणाचा तरी वाढदिवस. मोबाईल गरम होऊन फुटंल.

दुबईरिटर्न

प्रॅक्टिकल बोलतो, बरीच वर्षं आखातात काढली.

शारजाच्या भावाला व्हॉट्सॲप कॉल लावत बसू नका. तिथं मेसेज जातो, फोटो जातो, पण व्हॉट्सॲपचा व्हॉइस-व्हिडिओ कॉल चालत नाही. तिथं परवानगी असलेलं बोटिम वगैरे वापरतात. आमची आई पहिली दोन वर्षं हेच समजून होती की मी मुद्दाम फोन उचलत नाही.

सगळ्यांना एकदम जोडायचं असेल तर आपल्याकडची संध्याकाळ, सातच्या सुमारास, रविवार. त्या वेळी शारजात साडेपाच. लीड्सला उन्हाळ्यात अडीच, थंडीत दीड. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. त्यांची घड्याळं मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकतात, आणि इंग्लंड-अमेरिका एकाच दिवशी सरकवत नाहीत, तेवढे आठवडे जपून. आपल्याकडं सकाळी देवपूजा झाल्यावर उत्साहानं फोन लावला की तिकडची पुतणी मध्यरात्री दचकून उठते आणि तिला वाटतं आज्जी गेली.

न्यूजर्सीचा_पाव्हणा

शेवटचं वाक्य अगदी खरं. रात्री घरून फोन आला की मी "हॅलो" म्हणत नाही, "काय झालं?" म्हणतो.

पण मला वेगळंच सांगायचंय. आनंदाच्या बातम्या आम्हाला मिळतात हो. नको इतक्या मिळतात. मिळत नाहीत त्या आजारपणाच्या.

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. मला कळलं ते स्टेंट बसून, घरी येऊन, मुगाची खिचडी खाऊन झाल्यावर. मधले सगळे दिवस आईशी रोज बोलत होतो. "बाबा कुठायत?" "रंकाळ्याला फिरायला गेलेत." "बाबा कुठायत?" "झोपलेत." बहीण, दाजी, शेजारी, सगळे एका सुरात. नंतर विचारलं तर आई म्हणाली, "तू उगंच तिकडं झोप घालवून बसला असतास."

झोप आता जाते. कारण आता मला कुठल्याच "सगळं बरं आहे" वर विश्वास बसत नाही. व्हिडिओ कॉलवर मी बोलत असतो आणि बघत असतो की बाबांच्या मनगटाला सलाईनची पट्टी चिकटवल्याची खूण आहे का, मागच्या फडताळात औषधांचा नवा डबा दिसतोय का, आई कॅमेरा मुद्दाम छताकडं धरतेय का.

घरी_राहिलेला

पाव्हणं, तुमचं दुखणं कळतं. आता या बाजूचं ऐका.

मी कळवून बघितलंय. आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दोन्ही भावांना पहिल्या तासात फोन केला. एक कॅनडात, एक बंगळूरात. त्यानंतर माझं काम आईकडं बघण्याचं राहिलंच नाही, यांना उत्तरं देण्याचं झालं. एक्स-रेचा फोटो पाठव. नीट दिसत नाही, परत पाठव. हाच डॉक्टर का? दुसऱ्याचं मत घेतलंस का? इंटरनेटवर तर असं लिहिलंय. ऑपरेशनचा खर्च एवढा कसा? मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून रिपोर्ट उजेडाला धरून फोटो काढायलोय आणि वर आई विचारतेय, "ह्यो कुठं गेला?"

रात्री बेडपॅन द्यायला कुणी विमानानं येणार नव्हतं. म्हणून घरी राहिलेली माणसं लपवतात. सगळ्यांनाच दुष्टपणा करायची हौस नसती.

न्यूजर्सीचा_पाव्हणा

मान्य. आम्ही लांबून तेवढंच करू शकतो, म्हणून तेवढंच जास्त करतो. पण तरीही, घरी राहिलेल्याचं काम वाढतं म्हणून मला माझ्या बापाची तब्येत कळू नये? ठरवायचं कुणी?

घरी_राहिलेला

ज्याची तब्येत आहे त्यानं. माझ्या आईनं स्वतः सांगितलं होतं पोरांना कळवू नको म्हणून. मी ऐकलं नाही.

वॉर्डातली_ताई

मी नर्स आहे, हे भांडण दर आठवड्याला बघते. व्हरांड्यात, फोनवर, मोठ्या आवाजात.

ज्या घरात हे जमतं तिथं काय करतात ते सांगते. बाहेरच्या सगळ्यांतर्फे एकच माणूस बोलतो आणि इथला एकच माणूस उत्तर देतो. बाकीच्यांनी त्या बाहेरच्या माणसाला विचारायचं. राउंड झाल्यावर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवायच्या: ताप, जेवण, डॉक्टर काय म्हणाले, उद्या काय. फोन नाही. रिपोर्ट जिन्यात उभं राहून नाही, घरी गेल्यावर सरळ टेबलावर ठेवून स्कॅन करून. आणि पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारा, कुणाला सांगायचं. म्हातारी माणसं आधी "नको" म्हणतात, मग थोड्या वेळानं हळूच विचारतात, "धाकट्याचा फोन आला होता का?"

मोठं ऑपरेशन लपवू नका. काही बरंवाईट झालं तर ज्याला सांगितलं नाही तो माणूस आयुष्यभर घरी राहिलेल्याला माफ करत नाही. भाऊ-भाऊ पुन्हा एका ताटात न जेवलेले बघितलेत मी.

गंगावेसकर

ताई, दंडवत. बेडपॅनवर येईपर्यंत धागा चेष्टेत चालला होता.

शिरोळची_लेक

लांबच्यांना काय कळवायचं म्हटलं की मला ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतो. आमच्या नातेवाइकांना तेव्हा बारसं-लग्न काही नको होतं. एकच प्रश्न: "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" जे लोक एरवी कोल्हापूरला येऊन रंकाळ्याशिवाय काही बघत नाहीत त्यांनासुद्धा इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ पाठ झाली होती. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. चार्जिंग संपत आलेलं, आणि मावसभाऊ ऑस्ट्रेलियातून विचारतोय, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत?

तेव्हा आम्ही ठरवलं की रोज एकच मेसेज. "आम्ही सगळे नऊजण वरच्या मजल्यावर, जनावरं हलवली, खायला आहे." एवढाच. आणि तो पुढं सगळीकडं पाठवायचं काम पुण्याच्या मावशीकडं, कारण तिच्याकडं लाईट होती. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

रानमेवा

आनंदाच्या बातम्यांतही भानगडी असतात. माझी नणंद अमेरिकेत. तिकडं पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे आधी सांगतात, त्याचा समारंभ पण करतात. तिनं केक कापल्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, आतून गुलाबी. आपल्याकडं हे विचारणं-सांगणं दोन्ही कायद्यानं बंद. महाराष्ट्रात १९८८ पासून, देशात १९९४ च्या कायद्यानं. का बंद करावं लागलं ते काही सेकंदात कळलं. एका काकांनी लिहिलं, "असू दे, पुढच्या वेळी नक्की."

नणंद ग्रुप सोडून गेली. काकांना अजून कळलेलं नाही त्यांचं काय चुकलं. मुलगी आता पहिलीत आहे. तिचे फोटो फक्त सासूबाईंना येतात, आणि सासूबाई त्यातला एकही त्या काकांना दाखवत नाहीत.

तन्वी_राजारामपुरी

बरं केलं सासूबाईंनी.

माहेरवाशीण

+१. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

हलगीवाला

दहावीच्या मार्कांचं पण तेच. आमच्या ग्रुपवर निकालाच्या दिवशी पहिल्या पोरीचे ९६ टक्के पडले, अभिनंदनाचा पूर. त्यानंतर माझ्या पोराचे ६१ मी टाकू का नको? टाकले. दोन मिनटं सगळीकडं शांतता, मग एक मामा: "प्रयत्न चांगला आहे." पोरानं त्या दिवशी पेढे स्वतः वाटले, गल्लीत सगळ्यांना, आणि प्रत्येकाला सांगितलं की एकसष्ट. आता आयटीआय करतोय, झकास चाललंय.

जुना_बुधवारकर

मयताच्या बातमीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आमचे एक चुलते अमेरिकेतच स्थायिक. सकाळी उठले की चहाच्या आधी पुढारीचा ई-पेपर उघडतात आणि थेट निधनवार्तांवर जातात. आमच्या गल्लीत कोण गेलं हे कधी कधी तेच आम्हाला फोन करून सांगतात.

घरातलं माणूस गेलं की मात्र ग्रुपची वाट बघू नये. आपल्याकडं रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी, त्यामुळे लांबच्याला पोचायचं असेल तर पहिल्या तासातच कळायला हवं, तिकीट काढायला वेळ लागतो. आणि सुतकाचा प्रश्न असतो. आमचे गुरुजी सांगतात, दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. नंतर कळलं तर कमी. आईवडिलांचं मात्र कधीही कळलं तरी पूर्ण.

आमच्या वहिनी गेल्या तेव्हा मुलगा लंडनहून पोचू शकला नाही. पंचगंगेवरून व्हिडिओ कॉल लावला. शेणी रचल्या तेव्हापासून तो बघत होता. मला ते बरोबर वाटलं नाही, पण त्यानंच मागितलं होतं. तेव्हा गप्प बसलो.

सायबर_चौकातला

धागा लग्नाचा आहे म्हणून एक सावधगिरी. पत्रिका फोनवर पाठवणार असाल तर फोटो किंवा पीडीएफच पाठवा, आणि नातेवाइकांना आधी तसं सांगून ठेवा. सध्या "लग्नपत्रिका" नाव देऊन एपीके फाईल पाठवतात. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपीचे मेसेज दुसऱ्याच्या हातात जातात आणि खातं साफ होतं. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही फोन आधीच गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करायचा. पाव्हण्यांना पत्रिकेचा मान हवा असतो, त्यामुळे काही विचार न करता उघडतात. म्हातारी माणसं तर हमखास.

निवृत्त_बाई

हे चांगलं सांगितलंत. माझ्याकडे आली होती तशी एक. फाईल उघडेना म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि ज्यांच्या नावाने आली होती त्यांना फोन करून अभिनंदन केलं. त्यांचा मुलगा सहावीत निघाला.

थोरल्या_घरचा

मंडळी, दोन-तीन दिवस इकडं फिरकलो नाही, धागा बराच पुढं गेलाय. सगळं वाचून काढलं. काय केलं ते सांगतो.

आईला विचारलं, कुणाला आधी? ती विचार न करता म्हणाली, "बेळगावला फोन करायचा न्हाई. जायाचं." म्हणून सौ. आणि मी पेढे घेऊन निघालो. वाटेत निपाणी लागतेच, तिथं चुलत्यांकडं चहा झाला. बेळगावात आत्तीनं पेढा हातात घेतला, तोडला, निम्मा मला परत दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "पोराच्या आईचं माहेर कुठलं?" ते नाव सांगितल्यावर तिनं बसल्या जागी त्यांच्या तीन पिढ्या काढल्या. त्यांच्यातली एक सून आमच्याच नात्यातली निघाली, आणि हे ना आम्हाला माहीत होतं ना पाव्हण्यांना. ग्रुपवर टाकलं असतं तर हे कळलं नसतं, एवढं मी तन्वीला नम्रपणे सांगू इच्छितो.

फोनांची यादी तिघांत वाटली. वडीलधारे माझ्याकडं, आत्त्यांची पोरं-सुना सौ.कडं, बाहेरदेशी सगळी धाकटीकडं. दुबईरिटर्न यांच्या सल्ल्यानं रविवारी संध्याकाळी सात. नवरीकडं एकही फोन नाही, हे तन्वीचं ऐकून. नवरी तुम्हाला धन्यवाद म्हणतेय.

ग्रुपवर सोमवारी सकाळी टाकायचं ठरलं होतं.

तन्वी_राजारामपुरी

"ठरलं होतं"?

थोरल्या_घरचा

आम्ही बेळगावातून निघालो तोवर पुण्याच्या भावानं स्टेटस ठेवलं होतं. "आमची लाडकी पुतणी" वगैरे, मागं सनईचा व्हिडिओ. गारगोटीच्या आत्तीचा फोन कागलजवळ आला. ती काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. उद्या गारगोटीला जाणं आलं.

नादखुळा_९९

म्हटलं होतं डिजिटल लावा!!

माहेरवाशीण

गारगोटीला जाताना नुसते पेढे नेऊ नका. साडी न्या. आणि बेळगावला आधी का गेलात याला "ती थोरली म्हणून" एवढंच उत्तर द्या, निपाणीचा चहा अजिबात काढू नका.

गंगावेसकर

आणि कराडच्या आत्ती?

थोरल्या_घरचा

कराडच्यांना धाकटीनं फोन केला होता, पण उचलला नाही. बघतो.

पेठेतला_पैलवान

बघतो काय, आत्ताच लावा! हितं टायपत काय बसलायसा.

रानमेवा

पाव्हणे आजऱ्याचे म्हणजे घनसाळ तांदळाची सोय झाली. गारगोटीला साडीबरोबर दोन किलो तो पण द्या, आत्ती लगेच निवळतील. आमच्याकडं नेहमी चालतंय हे.